श्रमाची फी : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र

बारावीचा निकाल लागला म्हणजे रांजणगाव, शिरूर आणि दौंडकडच्या गावांतून ज्या घरी पेढे वाटले जातात त्याच घरात दुसऱ्या दिवशी चिंता शिरते. मुलगा उत्तीर्ण झाला, आता पुढे काय? पुण्यास पाठवावे तर राहण्याची जागा, खाणावळ, पुस्तके आणि फी यांचा हिशेब वडिलांच्या मिळकतीच्या फार पुढे धावतो. ही चिंता सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या गरीब घरांत सारखीच आहे. परंतु आमच्या मुसलमान विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी तिला आणखी एक पदर असतो. व्याज घेणे व देणे त्यांच्या धर्माने निषिद्ध मानले आहे, आणि बँकेचे कर्ज तर व्याजावाचून मिळत नाही. तेव्हा ज्या वाटेने शेजारच्या मुलाचे शिक्षण पार पडते ती वाट एखाद्या धर्मनिष्ठ तांबोळ्याच्या, बागवानाच्या किंवा मुलाण्याच्या मुलास असून नसल्यासारखी होते. गरजेपोटी असे कर्ज घ्यावे की न घ्यावे याविषयी त्यांच्या विद्वानांत चर्चा चालत आली आहे. तीत निवाडा देणे हे आमचे काम नव्हे. आपल्या धर्माची आज्ञा पाळून शिकू इच्छिणाऱ्या मुलाचा आम्हांस आदर वाटतो, एवढेच आम्ही म्हणू.

दुसरी एक वाट मात्र सर्वांस मोकळी असते आणि तीच अधिक घातक होय. फीची सवलत मिळावी म्हणून घरच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. तो असावा त्याहून कमी रकमेचा करून घेण्याचा मोह मोठमोठ्यांस होतो. वडिलांचा छोटा धंदा कागदावर दाखवू नये, थोरल्या भावाचा पगार सांगू नये, असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गावी भेटतात. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. तो पाहतो की आपल्या विद्येचा पहिला कागदच खोटा आहे. सवलत ज्याच्या हक्काची आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु खोटा कागद द्यावयाचा नाही, व्याजाचे कर्ज काढावयाचे नाही आणि कोणाच्या दारी हातही पसरावयाचा नाही, असे ज्याने ठरविले त्या गरीब मुलाने शिकावे तरी कसे? या प्रश्नास ज्याने नुसत्या शब्दांनी नव्हे तर कुदळ-फावड्याने उत्तर दिले असा एक पुरुष आमच्याच महाराष्ट्रात होऊन गेला. ते स्वतः मुसलमान नव्हते आणि कॉलेजाची पायरीही कधी चढले नव्हते. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे आज या गावी तर उद्या त्या गावी असे बालपण गेले. शरीराने दांडगा, कुस्तीची आवड असलेला, पुस्तकापेक्षा रानात अधिक रमणारा हा मुलगा पुढे शिक्षणमहर्षी होईल असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर घरच्यांसच हसू आले असते. अस्पृश्यांस पाणी घेऊ देत नाहीत म्हणून त्याने एका विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी एक आठवण त्यांच्याविषयी सांगतात. ती खरी मानावी असेच त्यांचे पुढील सारे वर्तन आहे.

इंग्रजी शिक्षणासाठी त्यांस कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्यासाठी दिगंबर जैन बोर्डिंगात ठेवले. येथे त्या काळच्या कोल्हापुराविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण गरीब मुलाने शहरात राहून शिकावे कसे या प्रश्नाचा विचार त्या काळी तेथे चालला होता तसा महाराष्ट्रात क्वचितच कोठे चालला असेल. शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाची बोर्डिंगे त्यांच्या आश्रयाखाली उभी राहिली. मुसलमानांमध्ये आरंभी या कामी पुढाकार दिसेना, तेव्हा महाराजांनी काही मुसलमान मुलांस मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. नंतर १९०६ साली मुसलमानांची शिक्षणसंस्था स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. संस्थानातील काही दर्ग्यांचे उत्पन्नही त्यांनी त्या बोर्डिंगाकडे लावून दिले. पिराला वाहिलेल्या पैशावर मुसलमानांची मुले शिकू लागली, यात त्या पिराचा सन्मानच झाला असे आम्हांस वाटते. बंगाल्यात हाजी मुहम्मद मोहसीन या सत्पुरुषाने १८०६ साली आपली इस्टेट धर्मकार्यास लावून दिली होती. त्याच्या मृत्यूनंतर तिच्यातून १८३६ साली हुगळीचे कॉलेज निघाले आणि पुढे मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीसही तिचा आधार झाला. शाहू महाराजांच्या योजनेची जात तीच.

या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव त्या समारंभास गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या चालकांनी त्यांस स्नान करून शुद्ध व्हावयास सांगितले. त्यांनी नाकारले. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती होती. लठ्ठे हे मोठे विद्वान व पुढे नामांकित झालेले गृहस्थ, परंतु त्या दिवशी नियमापुढे त्यांचाही इलाज चालला नाही आणि भाऊरावांस बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे ते उघड्यावर पडले नाहीत. मात्र शाळेत त्यांची प्रगती बेताचीच राहिली. इंग्रजी सहावीच्या आसपास शिक्षण संपले, मॅट्रिकची परीक्षा पदरात पडलीच नाही. वर्गात मागे राहणाऱ्या आमच्या वाचकांनी यावरून अभ्यास सोडण्याचा धडा मात्र घेऊ नये. ज्यास स्वतःस विद्या मिळाली नाही त्यास विद्येची भूक दुसऱ्याच्या डोळ्यांत लवकर दिसते, इतकेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

त्यानंतरची काही वर्षे साताऱ्यास मुलांच्या शिकवण्या घेण्यात गेली. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने त्यांनी एक विद्यार्थी आश्रम काढला व तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. त्यांच्या सर्व कार्याचे हेच बीज. परंतु ते रुजण्यापूर्वी त्यांच्यावर एक अग्निदिव्य आले, आणि आमच्या मते त्यांचे सारे चरित्र त्या एका प्रसंगात साठविलेले आहे.

१९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले. इंग्रजी अमलात हा अपराध साधा नव्हता. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती, आणि ती भाऊरावांनी द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. विचार करावा. ज्या मनुष्यामुळे आपल्यास वसतिगृहाबाहेर पडावे लागले, त्याचा सूड घेण्याची संधी आपल्या पायांनी चालून आली होती. त्यासाठी फार काही करावयाचे नव्हते, एक खोटी साक्ष पुरे होती. भाऊरावांनी ती दिली नाही. त्यांस कोठडीत ठेवले, त्यांचा छळ झाला. आपल्या तोंडून खोटे वदविले जाईल की काय या भीतीने त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला. ही गोष्ट अनुकरणीय नव्हे, परंतु त्या मनाची तडफड तीवरून कळते. अखेर ते सुटले. खोट्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतःच्या देहावर मोजून पाहिली होती. पुढे हजारो मुलांच्या शिक्षणाची सोय करताना या मनुष्याने कोणत्याही मुलास खोटा शब्द बोलण्याची गरज पडू नये अशी व्यवस्था केली, याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटत नाही.

त्यानंतर पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचे व किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून काम केले. लोखंडी नांगर विकावयाचा म्हणजे खेडोपाडी हिंडावे, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे, त्याचे दुखणे ऐकावे. या भटकंतीत त्यांस दिसले की जमीन नांगरणारा कुणबी स्वतःच्या नावाची सही करू शकत नाही आणि सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे त्यास कळत नाही. व्याज हा शब्द मुसलमानास धर्मामुळे वर्ज्य असेल, पण त्या काळच्या कुणब्याच्या घरात तो शब्द कसा शिरत असे आणि घरातील काय काय घेऊन बाहेर पडत असे हे भाऊरावांनी डोळ्यांनी पाहिले. विद्येसाठी मुलास कर्जात लोटणे त्यांस कधीच मानवले नाही, त्याचे मूळ आम्ही येथे पाहतो.

सत्यशोधक समाजाच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ संस्कार होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व तेथे वसतिगृह सुरू केले. संस्थेला रयतेचे नाव दिले यातच सर्व आले. ती कोणा एका जातीची अथवा धर्माची नव्हती. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहास २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. आपल्या गुरूचे ऋण भाऊरावांनी अशा रीतीने फेडले. परंतु गुरूच्या योजनेत त्यांनी एक मोठा बदलही केला. कोल्हापुरात प्रत्येक समाजाचे बोर्डिंग निराळे होते. त्या वेळी तसेच करणे शक्य होते व तेवढे करणेही मोठे धैर्याचे होते. साताऱ्यास मात्र मराठा, जैन, लिंगायत, महार, मांग, रामोशी आणि मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली निजत व एका पंगतीस बसत. कोणी कोणाची जात विचारून भाकरी वाढीत नसे. १९२७ साली हे होत होते, हे ध्यानात ठेवून वाचावे. कित्येक गावांत आजही पंगतीची रेघ पुरती पुसली गेलेली नाही.

ही पंगत चालविली कोणी? येथे लक्ष्मीबाईंचे नाव न घेतले तर चरित्र अर्धेच राहील. भाऊरावांची ही पत्नी सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेली होती. तिच्या स्वयंपाकघरात निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले येऊ लागली तेव्हा आरंभी तिच्या मनात केवढी खळबळ झाली असेल याची कल्पना स्त्रीवाचकांस सहज करता येईल. पण एकदा तिने त्या मुलांस आपले म्हटले आणि मग मागे पाहिले नाही. धान्य संपले की अंगावरचा एक दागिना मोडावयाचा, असे होत होत माहेरचे-सासरचे सारे सोने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली ती वारली. तेव्हा संस्थेपाशी ना मोठी इमारत होती ना मोठे नाव. वृक्ष वाढलेला तिने पाहिला नाही. चरित्रलेखक बहुधा या माउलीस एक परिच्छेद देतात, आम्हीही तेवढाच देत आहो. परंतु तो अपुरा आहे हे आम्हांस ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलांस जेवू घालावयाचे, शिकवावयाचे, आणि पैसा नाही. गावोगावी मूठ मूठ धान्य गोळा करण्याची पद्धत भाऊरावांनी चालविली. गृहिणीने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढावे व ते बोर्डिंगास द्यावे. तथापि नुसत्या दानावर मुलगा वाढला तर त्याची पाठ वाकते, ही त्यांची धारणा होती. म्हणून मुलांनी काम करावयाचे. बोर्डिंगचे दळण, स्वयंपाक, झाडलोट, भाजीचे वाफे ही कामे मुलेच करीत. पुढे खडकाळ माळ हाती आला. मुलांनी दगड फोडले, माती वाहिली, विहिरी खणल्या, बांध घातले आणि माळाचे शेत केले. इमारती बांधण्याची वेळ आली तेव्हा गवंड्याच्या हाताखाली मुलेच होती. कमवा आणि शिका हे आज सर्वतोमुखी झालेले शब्द या घामातून निघाले.

अशा रीतीने शिकणारे दुसरेही झाले आहेत. अमेरिकेतील निग्रो पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामगिरीत जन्मले. १८७२ साली ते हॅम्प्टनच्या विद्यालयात गेले आणि तेथे झाडलोटीचे काम करून त्यांनी आपल्या राहण्याजेवणाचा खर्च भागविला. १८८१ पासून टस्कीगी येथे त्यांनी स्वतःची संस्था उभारली तेव्हा तिच्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या व भाजल्या. पहिल्या भट्ट्या फसल्या, मुले कंटाळली, तरी पुन्हा भट्टी लावली. साताऱ्याचा माळ आणि टस्कीगीची वीटभट्टी यांत हजारो कोसांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे मुलाच्या हातास पडलेले घट्टे सारखेच होते.

या पद्धतीतील मर्म नीट पाहिले पाहिजे. दाखल्यावर मिळणारी मदत मुलास म्हणते की तू किती गरीब आहेस ते सिद्ध कर. मग तो गरिबी सिद्ध करू लागतो, आणि कधी ती वाढवूनही सांगतो. समाजाच्या नावाने मिळणारी मदत म्हणते की तू आमच्यांपैकी आहेस ते दाखव. सावकार म्हणतो की परत काय देशील ते आधी बोल. भाऊरावांच्या दारी मुलास एवढेच विचारले जाई की तू काम करशील काय? या प्रश्नाचे उत्तर खोटे देता येत नाही. सायंकाळी खणलेला खड्डा मोजला म्हणजे उत्तर समोर उभे राहते. आणि म्हणूनच मुसलमानाच्या मुलास येथे कसलीच अडचण नव्हती. कष्टाची कमाई हलाल आहे याविषयी त्याच्या धर्मात कोणताही वाद नाही. त्यास व्याज द्यावयाचे नव्हते, धर्म लपवावयाचा नव्हता, धर्म पुढे करून काही मागावयाचेही नव्हते. शेजारी मांगाचा मुलगा पाटी उचलीत आहे, आपण कुदळ मारीत आहो, आणि दोघांचीही फी त्या एका खड्ड्यातून निघत आहे. याहून स्वच्छ व्यवहार आम्हांस तरी सुचत नाही.

१९३२ साली पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. खेड्यातून आलेल्या मुलास पुण्याच्या कॉलेजात जाता यावे, आणि तेथेही त्याने सर्व जातींच्या मुलांबरोबर राहावे, हा हेतू. १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रमाच्या मोबदल्यात विनामूल्य शिक्षण व निवास ही कल्पना तेथे हायस्कुलापर्यंत पोहोचली. राहिले होते ते कॉलेज.

ते १९४७ च्या जूनमध्ये निघाले. देश स्वतंत्र होण्यास दोन महिने अवकाश होता. छत्रपती शिवाजी कॉलेज असे त्याचे नाव ठेवण्यात आले. मॅट्रिक न झालेल्या मनुष्याने कॉलेज काढावे हे ऐकून पुष्कळांनी नाके मुरडली असतील. गरीब मुलाने दिवसाचे काही तास काम करावे, त्याच्या मोबदल्यात त्याचे राहणे, जेवण व शिक्षण व्हावे, ही बोर्डिंगातील रीत आता पदवीपर्यंत नेण्यात आली. आदल्या दिवशी पाटी वाहणारा मुलगा दुसऱ्या सकाळी इंग्रजी काव्याच्या तासास बसे. अनवाणी चालणारे, खादीतले, पांढऱ्या दाढीचे अण्णा, कारण मुले त्यांस अण्णा म्हणत, त्या माळावर उभे राहून हे पाहत असत.

या कॉलेजच्या नावाविषयी एक गोष्ट सांगतात. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, पण कॉलेजास आपल्या घराण्याचे नाव द्यावे अशी अट घातली. पैशाची निकड किती होती हे लक्ष्मीबाईंच्या गळ्यावरून वाचकांस कळलेच आहे. भाऊरावांनी सांगितले की प्रसंगी वडिलांचे नाव बदलीन, परंतु शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही. अशा दुसऱ्या प्रसंगीही ते वाकले नाहीत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या परखड बोलण्यामुळे सरकारची नाराजी होऊन संस्थेचे अनुदान रोखले गेले. हजारो मुलांच्या ताटाचा प्रश्न होता. गाडगे महाराजांसारख्या संताने रदबदली केली, लोकमत खवळले, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडास कॉलेज काढले तेव्हा भाऊरावांनी त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः निरक्षर असलेल्या पण लोकांस शिकावयास सांगत हिंडणाऱ्या साधूचे नाव कॉलेजास मिळाले, हा योगही त्यांनाच सुचावा! पुढल्याच वर्षी साताऱ्यास शिक्षकांसाठी आझाद महाविद्यालय निघाले.

श्रमाच्या या पद्धतीस उणी बाजू नव्हती असे आम्ही म्हणत नाही. दिवसभर माती वाहिलेल्या मुलाच्या डोळ्यांवर रात्री पुस्तक उघडताच झापड येते. सधन घरचा सहाध्यायी ज्या वेळी वाचीत असतो त्या वेळी हा राबत असतो, आणि परीक्षक मात्र दोघांस एकच प्रश्नपत्रिका देतो. स्पर्धेच्या दृष्टीने हा अन्यायच होय. शिवाय, आज वैद्यकीच्या किंवा अभियांत्रिकीच्या खाजगी कॉलेजची फी चार तास झाडे लावून निघावयाची नाही हे कोणासही दिसते. म्हणून शिष्यवृत्त्या व सवलती हव्यातच, आणि त्या खऱ्या गरजवंतास विनासायास मिळतील असे सरकारने पाहिले पाहिजे. मुसलमान समाजातही व्याजरहित कर्जाची, ज्यास कर्ज-ए-हसना म्हणतात त्याची, जुनी चाल आहे. अलीगढ येथे १८९० साली विद्यार्थ्यांनीच एक संस्था काढून आपल्या गरीब सहाध्यायांसाठी वर्गणी जमविण्यास आरंभ केला होता. आमच्या भागातील मशिदींच्या विश्वस्तांनी व सुस्थितीतील मुसलमान गृहस्थांनी हा मार्ग मनावर घेतला तर दहा-पंधरा मुलांची सोय सहज व्हावी. जो मुलगा पुढे कमावता होऊन मुद्दल परत करील त्याच्या पैशावर दुसरा शिकेल.

तथापि शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलासही भाऊरावांच्या पद्धतीत एक गोष्ट मिळते जी शिष्यवृत्तीत नाही. आपल्या विद्येत आपलाही वाटा आहे ही जाणीव त्यास होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पी. जी. पाटील यांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टरीची पदवी मिळविली आणि परत येऊन त्याच शिवाजी कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. बॅरिस्टर झालेला मनुष्य मुंबईच्या हायकोर्टात बसावयाचा तो साताऱ्याच्या माळावर का आला? ज्या जमिनीत मनुष्याने स्वतः कुदळ मारली तिची ओढ सुटत नाही, असे आम्ही याचे उत्तर देतो.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांस डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. भारत सरकारने त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण केले. मॅट्रिकने हुलकावणी दिलेल्या मनुष्यास विद्यापीठाने डॉक्टर म्हटले, आणि त्यानंतर लवकरच, ९ मे १९५९ रोजी, ते वारले. त्या वेळी संस्थेची शंभरांवर हायस्कुले, तीन महाविद्यालये आणि खेड्यापाड्यांतून शेकडो प्राथमिक शाळा होत्या. लोकांनी त्यांस कर्मवीर ही पदवी विद्यापीठाच्या कितीतरी आधी दिली होती.

पुणे विद्यापीठाने, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, त्यांच्या नावाची कमवा व शिका योजना संलग्न महाविद्यालयांतून चालविली आहे. रांजणगाव-शिरूरकडील आमची बहुतेक मुले ज्या महाविद्यालयांत जातात ती याच विद्यापीठाच्या कक्षेतील आहेत. योजनेत विद्यार्थी तासिकांचा वेळ सोडून ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात काम करतो आणि तासाच्या हिशेबाने त्यास मोबदला मिळतो. रक्कम मोठी नसते. खाणावळीचा व पुस्तकांचा काही भार हलका होतो इतकेच. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा तासिकेस येणाऱ्या मुलापेक्षा हे काम बरे, कारण येथे निदान झोपेची चोरी होत नाही. यंदा बारावी झालेल्या आमच्या मुलामुलींनी प्रवेश घेताच आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागात या योजनेची चौकशी करावी. जागा मर्यादित असतात व अर्ज सत्राच्या आरंभीच घेतले जातात, तेव्हा उशीर करू नये.